चोपन्न तास, बासष्ट प्रकरणं

तर मंडळी, गेले नऊ आठवडे मी एकच पुस्तक ऐकत होतो. वाचत नव्हतो, ऐकत होतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. रॉब इंग्लिस नावाच्या नटाने १९९० साली वाचलेलं, अख्खंच्या अख्खं, काहीही न गाळता. साधारण चोपन्न तास. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, कोथरूड ते हिंजवडी कंपनीची बस, जाता-येता मिळून दोन तास. हिशोब तुम्हीच करा.

टीममधल्या दोघातिघांनी विचारलं, "मग, कसं आहे?" मला धड उत्तर देता आलं नाही. आवडलं म्हणावं तर बॉम्बॅडिलच्या प्रकरणांत इयरफोन काढून शेजारच्याशी क्रिकेटवर बोलावंसं वाटत होतं. नाही आवडलं म्हणावं तर शेवटच्या आठवड्यात बस वाकडच्या सिग्नलला अडकली की मला बरं वाटायचं. हे पुस्तक इतकं हळू का आहे, आणि हळू असूनही कानाला का चालतं, ते शोधायला बसलो. त्यात दोन-तीन वीकएंड गेले. जे सापडलं ते पुस्तकाइतकंच इंटरेस्टिंग निघालं, म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी फक्त सिनेमे पाहिलेत त्यांच्यासाठी एक अंदाज देतो. पीटर जॅक्सनचा २००१ सालचा पहिला सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. पुस्तकाचा तोच भाग ऐकायला एकोणीस तासांच्या आसपास लागतात. बिल्बोच्या वाढदिवसाची पार्टी आणि फ्रोडो घर सोडून निघणं, यात पुस्तकात सतरा वर्षं जातात. सिनेमात ती कळतसुद्धा नाहीत. पुढे एल्रॉन्डच्या घरी ती प्रसिद्ध सभा भरते. सुमारे दीड तास माणसं (आणि एल्फ, आणि ड्वार्फ) आळीपाळीने मागची हकिगत सांगतात. तेवढ्या वेळात एखादा डिझाइन रिव्ह्यू होऊन मिनिट्सही पाठवून होतात.

पण हे असं झालं कसं? त्याची गोष्ट अशी आहे.

'द हॉबिट' सप्टेंबर १९३७ मध्ये आलं आणि नाताळपर्यंत पहिली आवृत्ती संपली. प्रकाशक स्टॅन्ली अनविन म्हणाला, अजून द्या. म्हणजे क्लायंटने सरळ व्हर्जन टू मागितलं. टोल्किनने डिसेंबरातच पहिलं प्रकरण लिहून टाकलं, पण पुढे काय होणार याचा त्याला पत्ता नव्हता. हे मी गमतीने म्हणत नाहीये. त्याचे कच्चे खर्डे मुलाने, क्रिस्टोफरने, पुढे अनेक खंडांत छापले, त्यात सगळं दिसतं. अंगठीचं खरं महत्त्व आधी ठरलेलंच नव्हतं. ब्रीच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला तो गूढ माणूस, जो पुढे राजा निघतो, तो सुरुवातीला लाकडी बूट घालणारा एक हॉबिट होता! आणि टॉम बॉम्बॅडिल म्हणजे टोल्किनच्या मुलांची एक डच बाहुली. तिच्यावर त्याने १९३४ मध्ये एक कविता छापली होती. नव्या गोष्टीत पात्रं लागत होती, हे तयार होतं, घातलं. आपल्या भाषेत, जुन्या प्रोजेक्टमधलं मॉड्यूल कॉपी-पेस्ट.

हे कळल्यावर पहिल्या भागाचा संथपणा मला वेगळा दिसायला लागला. फ्रोडो वाट चुकत चुकत चाललाय कारण लेखकही वाट शोधतोय. रिक्वायरमेंट फ्रीझ व्हायच्या आधीचा कोड आहे तो, आणि नंतर रिफॅक्टर करताना टोल्किनने बरंच बदललं तरी चालण्याचा वेग तोच ठेवला. बॉम्बॅडिल मला तरीही सहन होत नाही. १९८१ साली बीबीसीने रेडिओवर अर्ध्या अर्ध्या तासाचे सव्वीस भाग केले, त्यांनी बॉम्बॅडिल उचलून बाहेर ठेवला. वीस वर्षांनी जॅक्सननेही तेच केलं. दोन वेगवेगळ्या टीमना स्वतंत्रपणे एकच बग दिसला तर तो बग असण्याची शक्यता जास्त, नाही का? (टोल्किनभक्तांनी दगड मारू नयेत. वाचा पुढे.)

आता कानाकडे येतो. हे पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच लिहिलं गेलंय असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुईसच्या कॉलेजातल्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी काही मित्र जमायचे. इंकलिंग्ज म्हणतात त्यांना. नियम साधा. कुणी नवीन काही लिहिलंय का? असेल तर वाचा. मग बाकीचे त्याची चिरफाड करणार. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रकरणं अशी लिहून झाली की तिथे वाचली जायची. वर्षानुवर्षं. टोल्किन स्वतः भरभर आणि काहीसं अस्पष्ट बोलायचा, म्हणून युद्ध संपल्यावर क्रिस्टोफर वाचायला लागला, आणि तो बापापेक्षा चांगला वाचतो असं मंडळींचं मत पडलं.

त्यातच ह्यूगो डायसन नावाचा एक गडी होता. त्याला हे एल्फबिल्फ अजिबात झेपायचे नाहीत. शेवटी त्याला चक्क व्हेटो मिळाला. तो खोलीत आला की वाचन बंद. मला हा माणूस जाम आवडला. बॉम्बॅडिलच्या वेळी बसमध्ये माझ्या शेजारी डायसन बसायला हवा होता.

पण सांगायचा मुद्दा असा की जी गोष्ट आठवड्याला एक प्रकरण अशी मोठ्याने वाचली जाणार आहे, तिचा वेग वेगळाच असतो. ऐकणारा दिवसभर लेक्चरं देऊन आलाय, त्याच्या हातात ग्लास आहे, मागच्या गुरुवारचं अर्धं तो विसरलाय. त्याला परत जागेवर आणावं लागतं. डोंगर कुठल्या बाजूला, नदी कुठून वळते, ऊन की पाऊस, आज किती चाललो, हे सांगावं लागतं. कागदावर हेच परिच्छेद आपण सरळ ओलांडून जातो. मीही ओलांडले होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होस्टेलवर वाचलं तेव्हा वर्णनं आणि कविता गाळून चार दिवसांत फडशा पाडला होता. ऑडिओबुकात गाळता येत नाही असं नाही, तीस सेकंदांचं बटण आहेच. पण बसमध्ये उभं राहून एका हाताने दांडा धरलेला असताना कोण बटणं दाबत बसणार? मग ऐकावंच लागतं. आणि ऐकलं की ते डोंगर जागेवर बसतात.

मोरियाच्या खाणीतला प्रसंग घ्या. गॅन्डाल्फला एक फाटलेलं, जळकं वहीवजा पुस्तक सापडतं आणि तो ते मोठ्याने वाचायला लागतो. पानं चिकटलेली, शब्द अर्धवट, अक्षर बदलत जातं. इंग्लिसच्या आवाजात ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. समोर चांदणी चौकाचा ट्रॅफिक होता आणि मी वाचून दाखवणाऱ्याला वाचून दाखवताना ऐकत होतो. कागदावर हा प्रसंग मला आठवतसुद्धा नव्हता.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर जाहिरात होईल. नावं! सॉरॉन आणि सारुमान हे कानाला जवळजवळ एकच वाटतात, आणि दोघेही व्हिलन. एओमर आणि एओविन भाऊबहीण, ठीक, पण थेओडेन, डेनेथॉर, त्यांचे बाप, त्यांचे आजे... पुस्तकात मागे पान उलटता येतं, नकाशा बघता येतो. कानाला नकाशा नसतो. दुसरं म्हणजे गाणी. पुस्तकात साठाहून जास्त कविता आहेत आणि इंग्लिस त्यांना चाली लावून गातो. पहिलं गाणं ऐकून कौतुक वाटतं. सातव्याला मी १.२५ च्या स्पीडवर गेलो. त्या स्पीडने अख्खं ऐकलं तर चोपन्नाचे त्रेचाळीस तास होतात, अकरा तासांची सरळ बचत. दोन दिवस तसं चालवलं. गाणी लवकर संपली, पण गॅन्डाल्फ स्टँडअप मीटिंगला उशीर झालेल्या मॅनेजरसारखा वाटायला लागला. परत १ वर आलो.

ही बारा वर्षांची संथ मेहनत १९४९ मध्ये संपली, आणि मग पुस्तक पडूनच राहिलं. टोल्किनला ते 'सिल्मरिलियन'सोबतच छापून हवं होतं. अनविनच्या कंपनीशी बिनसलं, दुसरा प्रकाशक कॉलिन्स, त्यांनीही १९५२ साली माघार घेतली. कागद महाग, पुस्तक अवाढव्य. साठीचा प्रोफेसर, हातात हजारभर पानांची टाइप केलेली चळत, आणि घेणारं कुणी नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये तो माल्व्हर्न गावी जॉर्ज सेअर या मित्राकडे राहायला गेला. सेअरकडे टेप रेकॉर्डर होता. टोल्किनला यंत्रांचा राग, त्यामुळे आधी त्याने मशिनमधली भुतं घालवायला म्हणून गॉथिक भाषेत प्रार्थना रेकॉर्ड केली. (मशिन चालू करण्यापूर्वी नारळ फोडणारे आपण काही एकटेच नाही.) मग 'हॉबिट'मधलं कोड्यांचं प्रकरण वाचलं, नंतर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले तुकडे, काही कविता. आणि स्वतःचाच आवाज परत ऐकताना त्याला वाटलं की अरे, हे बरं आहे की! मला हा अख्ख्या कहाणीतला सगळ्यात हृद्य क्षण वाटतो. ज्या पुस्तकावरचा प्रकाशकांचा विश्वास उडाला होता, ते त्याच्या लेखकाला कानांनी परत पटलं.

पुढच्याच महिन्यात रेनर अनविन हस्तलिखित घ्यायला ऑक्सफर्डला आला. हा रेनर म्हणजे स्टॅन्लीचा मुलगा. दहा वर्षांचा असताना त्याने 'हॉबिट' वाचून बापाला एक शिलिंगच्या बदल्यात रिपोर्ट लिहून दिला होता. आता तो कंपनीत होता. बाप परदेशात, म्हणून त्याने कळवलं की यात हजार पौंड बुडू शकतात. बापाचं उत्तर थोडक्यात असं, की खरंच प्रतिभेचं काम वाटत असेल तर बुडव हजार पौंड. पहिला खंड जुलै १९५४ मध्ये आला, तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये. पुढचं तुम्हाला माहीत आहे. माल्व्हर्नच्या त्या टेप मात्र टोल्किन गेल्यावर दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, तबकड्यांवर निघाल्या.

आता माझी आजी मध्ये येते. काचबिंदूमुळे तिला गेली सहा-सात वर्षं वाचता येत नाही. आयुष्यभर लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणणारी बाई. तिच्या फोनवर मी मराठी ऑडिओबुकं टाकून दिलीत. ती ऐकता ऐकता झोपते, उठली की म्हणते, "अरे, जरा मागं घे, तो दवाखान्यात गेला तिथपर्यंत." एकदा मी सहज म्हणालो, "आजी, तू हे वाचलंस असं म्हणायचं की ऐकलंस?" तर म्हणाली, "आम्ही पोथी वाचायला जात होतो होय रे? पोथी ऐकायलाच जायचो."

तिच्या लहानपणी वाईला वाड्यात चातुर्मासात संध्याकाळी पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप', 'हरिविजय', 'रामविजय'. एक जण वाचणार, आळीतल्या बायका वाती वळत ऐकणार. 'पांडवप्रताप'चे अध्याय चौसष्ट. मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची प्रकरणं मोजली, बासष्ट! योगायोगच आहे, त्यात काही गूढ नाही. पण मोठ्याने वाचायच्या गोष्टीला साठाच्या आसपास बैठका लागतात, आणि रोज आधी 'काल कुठवर आलो होतो' हे करावं लागतं, हे श्रीधरस्वामींना आणि टोल्किनला सारखंच कळलं असणार. आजीला विचारलं, कंटाळा नाही यायचा? "यायचा की. उतारेच्या उतारे नुसती वर्णनं. मग आम्ही पेंगायचो. पण उठून जायचं नाही कुणी." हे मला बॉम्बॅडिलवरच्या कुठल्याही लेखापेक्षा पटलं. पेंगायलासुद्धा जागा असलेली गोष्ट. आमच्या पिढीच्या कानात सतत काहीतरी चालू असतं, पण पेंगायची परवानगी कोण देतं?

आजीमुळेच मी ऑडिओबुकांचा इतिहास उकरला, आणि तिथे एक भलतीच गाठ सापडली. बोलती पुस्तकं मुळात आमच्यासारख्या बसवाल्यांसाठी आलीच नव्हती. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत, जुलै १९१६ मध्ये, इयान फ्रेझर नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याची दृष्टी गेली. अशा सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स नावाची संस्था होती, फ्रेझर पुढे तिचा अध्यक्ष झाला. ब्रेल सगळ्यांना जमायचंच असं नाही, मोठ्या वयात शिकणं अवघड. मग तबकड्यांवर पुस्तकं वाचून ठेवायचे प्रयोग सुरू झाले, आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलत्या पुस्तकांची लायब्ररी सुरू झाली. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आणि कॉनरॅडची 'टायफून' होती. तबकडी अगदी हळू, मिनिटाला २४ फेरे, एका बाजूला साधारण २५ मिनिटं. एका कादंबरीला दहाएक तबकड्या. माझ्या पुस्तकाला पासष्ट लागल्या असत्या, टपालाने घरी येणाऱ्या!

त्याच सोमच्या चिखलात त्याच उन्हाळ्यात सेकंड लेफ्टनंट टोल्किनही होता. ऑक्टोबरच्या शेवटी त्याला ट्रेंच फीव्हर झाला आणि तो घरी परतला. त्याच्या शाळेपासूनच्या जिवलग मित्रांपैकी एक लढाईच्या पहिल्याच दिवशी गेला, एक त्याच वर्षी डिसेंबरात. युद्ध संपेपर्यंत जवळच्या मित्रांत एकच उरला होता, असं त्यानेच पुढे प्रस्तावनेत लिहिलंय. म्हणजे एकाच लढाईतून हे पुस्तकही आलं आणि ते ज्या वाटेने माझ्या कानात पोचलं ती वाटही. पुस्तकात डेड मार्शेस म्हणून दलदल आहे, तिच्या पाण्याखाली जुन्या लढाईतले मेलेले चेहरे दिसतात. ही दलदल उत्तर फ्रान्सला काही देणं लागते असं टोल्किनने एका पत्रात मान्य केलंय. ते प्रकरण त्याने १९४४ च्या एप्रिलमध्ये लिहिलं, लुईस आणि चार्ल्स विल्यम्सला वाचून दाखवलं, आणि दक्षिण आफ्रिकेत विमानदलाच्या ट्रेनिंगला असलेल्या क्रिस्टोफरला धाडलं. मुलगा दुसऱ्या युद्धात, बाप पहिल्याबद्दल लिहितोय.

हे प्रकरण मी परतीच्या बसमध्ये, पावसात ऐकलं. इथे हळूपणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तिघं चाललेत, चाललेत, पाय रुततायत, आणि काहीही 'घडत' नाही. सिनेमात ती काही मिनिटांत उरकते. चिखलातून चालणं तेवढ्यात कळत नाही.

बाकीचा इतिहास पटकन सांगतो. १९७५ मध्ये अमेरिकेत ड्युव्हल हेक्ट नावाच्या माणसाने कॅसेटवर पूर्ण पुस्तकं भाड्याने द्यायचा धंदा काढला. हा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला रोइंगचा सुवर्णपदक विजेता, रोज लॉस एंजेलिसला गाडीने जा-ये करून वैतागलेला. थोडक्यात आमच्या हिंजवडी संप्रदायाचा आद्यपुरुष. त्या काळात मोठे प्रकाशक पुस्तकं छाटून दोन कॅसेटमध्ये कोंबायचे, हेक्टसारखे काही जण मात्र छाटायला तयार नव्हते. इंग्लिसचं रेकॉर्डिंग त्याच पंथातलं, रेकॉर्डेड बुक्स या कंपनीचं. मग १९९७ साली ऑडिबलचा पहिला प्लेअर आला, त्यात मावायचे जेमतेम दोन तास. आणि आता फोन.

शेवटाबद्दल मात्र बोलायलाच हवं. अंगठी नष्ट होते तेव्हा पुस्तकाची सहा प्रकरणं बाकी असतात. सहा! माझ्या एका मित्राने तिथेच ऐकणं सोडलं, म्हणाला क्लायमॅक्स झाला की घरी जायचं. पण ही माणसं घरीच तर जातायत, आणि घर जागेवर नाहीये. झाडं तोडलेली, भलतेच लोक गावावर राज्य करतायत, आणि फ्रोडोला आता तिथे राहवत नाही. जॅक्सनने गावातली ती लढाई गाळली. मला ती सहा प्रकरणं पुस्तकातली सगळ्यात खरी वाटली. वीस-बावीस वर्षांची पोरं युद्धावरून परत आल्यावर नेमकं काय झालं असेल, हे कुणीतरी घाई न करता सांगत होतं. तेवढा वेळ गाडीने मला बसवून ठेवलं म्हणून ऐकू आलं. होस्टेलवर तीच प्रकरणं मी एका दुपारी उरकली होती.

तर आवडलं का? पहिले आठ तास परत कुणी ऐकायला लावले तर मी राजीनामा देईन. नंतरचे मला परत हवे आहेत. अँडी सर्किसने, म्हणजे सिनेमातल्या गॉलमनेच, २०२१ मध्ये हेच पुस्तक नव्याने वाचलंय. मे २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात त्याने निधी गोळा करायला अख्खं 'हॉबिट' एका दिवसात ऑनलाइन वाचून दाखवलं होतं, त्यातून हे पुढे आलं. पहिला खंडच साडेबावीस तासांचा, म्हणजे इंग्लिसपेक्षाही हळू. मी विकत घेऊन ठेवलाय. सुरुवात थेट ब्रीच्या खानावळीपासून करणार आहे. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मधूनच पोथी लावत नाहीत." आणि तिच्या कादंबरीतला तो माणूस अजून दवाखान्यातच आहे, तो मला मागे घ्यायचाय.